कोल्हापूरचा समुद्र

कोल्हापूरला पंचगंगा आहे, रंकाळा आहे, कळंब्याचा तलाव आहे, पण समुद्र नाही. समुद्र पाहायचा तर फोंड्याचा नाहीतर गगनबावड्याचा घाट उतरून खाली कोकणात जावे लागते. असे असूनही ग्रीकांचा समुद्रदेव मात्र कोल्हापुरात सापडला. पोसायडन त्याचे नाव. मूर्ती कांस्याची, उंची वीतभरसुद्धा नाही. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरीच्या टेकाडातून कांस्य वस्तूंचा जो साठा निघाला, त्यात ती मिळाली. त्याच टेकाडावर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केले आणि सातवाहन काळातील नांदत्या वस्तीचा पुरावा उजेडात आणला. मूर्ती पुढे शहरातल्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आली. त्या रस्त्याने रोज हजारो माणसे जातात, समुद्रदेवाची विचारपूस मात्र क्वचितच कोणी करतो.

हा देव इथवर आला तो व्यापाऱ्यांच्या सामानातून. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात भूमध्य समुद्राकाठच्या रोमन मुलखातून मद्याचे रांजण, धातूची भांडी, आरसे, नाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत, आणि इथून मिरी, सुती कापड, मौल्यवान खडे तिकडे जात. बंदरावरचा माल बैलांच्या पाठीवर लादून घाट चढून वर येई. त्या काळी इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने, स्वतःचे नाव न सांगता, या सागरी वाटेची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. तीत कल्याण आहे, चौल आहे, दक्षिणेकडच्या बेटांची नावे आहेत आणि त्या भागात चाचे असतात अशी नोंदही आहे. ही चाच्यांची गोष्ट लक्षात ठेवावी. सतराशे वर्षांनी तीच तक्रार इंग्रज करणार आहेत, आणि तीही खुद्द कोल्हापूरविरुद्ध.

आज ग्रीसच्या बेटांमधून उन्हाळ्यात शिडाच्या होड्या घेऊन फिरायला जगभरचे लोक जातात. तिथे जुलै-ऑगस्टात आकाश निरभ्र असते आणि उत्तरेकडून नेमाने वारा वाहतो. जुन्या ग्रीकांनी या वाऱ्यांना जे नाव दिले त्याचा अर्थ ‘दरवर्षीचे वारे’ असा होतो. अरबांनी आपल्या समुद्रावरच्या वाऱ्याला ‘मौसिम’ म्हटले, म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. उर्दूत तो ‘मौसम’ झाला आणि युरोपियनांच्या तोंडी जाऊन ‘मान्सून’ झाला. दोन्ही नावे पंचांगातून निघालेली आहेत. फरक इतकाच, की ग्रीकांचा समुद्र हिवाळ्यात बंद असे आणि उन्हाळ्यात खुला होई. आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात जोडून बसावे लागते. त्या ग्रीक भाषक व्यापाऱ्यांनी हे गणित शिकून घेतले. इजिप्तहून ते जुलैत निघत. नैऋत्येचा जबरदस्त वारा पाठीशी घेऊन भर समुद्रातून येत आणि पाऊस ओसरू लागला की इथल्या बंदरात शिरत. वाऱ्याची चुकामूक झाली तर देवाची कांस्यमूर्ती कामी येत नसे.

आता समुद्र सोडून जरा वर्गात येऊ. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बालभारतीचे चौथीचे शिवचरित्र आमच्या मुलांच्या हातात उर्दूतून येते. आरमाराचा आणि जंजिऱ्याचा भाग शिकवून झाला की दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी मूल उभे राहते आणि विचारते, “सर, हम शिवाजी महाराज की तरफ थे या सिद्दी की तरफ?” प्रश्न निरागस असतो, पण तो मुलाच्या डोक्यात आपोआप आलेला नसतो. गल्लीत, टीव्हीवर, निवडणुकीच्या भाषणांत ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशी इतिहासाची वाटणी त्याने ऐकलेली असते. या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देणे आम्हाला बरोबर वाटत नाही. म्हणून आम्ही फळ्यावर आधी शब्द लिहितो.

बंदर, दर्या, किनारा हे फारसी. जहाज अरबी, तुफान अरबी. जहाजाचा मालक तो नाखुदा, म्हणजे ‘नाव’ आणि ‘खुदा’, नावेचा धनी. कोकणात त्याचा नाखवा झाला. फारसी ‘सरहंग’ पासून सारंग. गुराब हे मराठ्यांच्या आरमारातले मोठे लढाऊ जहाज. अरबीत गुराब म्हणजे कावळा. ज्याच्यावर सारी नौका वळते ते सुकाणू अरबी ‘सुक्कान’ मधून आले. आणि जंजिरा म्हणजे तर नुसता ‘जजीरा’, बेट. वल्हे, होडी, डोलकाठी हे शब्द आपल्या मातीतले. ‘आरमार’ हा शब्द मात्र पोर्तुगीजांचा. मुलांना ही यादी फार आवडते, कारण निम्मे शब्द त्यांना घरचेच वाटतात. मराठीच्या तासाला चाचपडणारा मुलगासुद्धा ‘सुकाणू’ ला ताठ उभा राहतो. ही देवघेव राजांनी फर्मान काढून झालेली नाही. एकाच होडीत बसणाऱ्यांना एकमेकांची हाक कळली नाही तर होडी खडकावर जाते. भाषा शिकायला एवढे कारण पुरेसे असते.

ही सोबत फार जुनी आहे. बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, चौलला आला होता. तो त्याला सैमूर म्हणतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन स्थायिक झालेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान तिथे राहत होते, असे त्याने लिहिले आहे. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे, आणि त्याची नेमणूक हिंदू राजाकडून होई. तिथला राजा शिलाहार घराण्यातला, त्याचे नाव झंझ. पन्हाळ्यावर आणि कोल्हापुरावर पुढे ज्या शिलाहारांचे राज्य झाले, त्यांचेच हे उत्तर कोकणातले भाऊबंद.

याहून बोलका पुरावा आजच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणीच्या ताम्रपटात आहे. शक ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा हा लेख. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या वतीने संजानचा कारभार पाहणारा अधिकारी ‘ताजिक’ म्हणजे अरब होता. लेख संस्कृत, त्यामुळे त्याचे नाव ‘मधुमती’ असे आले आहे. मूळ नाव मुहम्मद हे अभ्यासकांनी केव्हाच ओळखले. किनाऱ्यावरची बंदरे त्याने ताब्यात आणली, हे तर लेखात आहेच. पण आम्हाला भावते ती दुसरी नोंद. त्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट होडी सुरू केली आणि एक अन्नछत्र घातले, तिथे भात, कालवण आणि तूप मोफत वाढले जाई. एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला जमीनही त्यानेच राजाच्या संमतीने दिली. अकराशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्याची आठवण लढाईमुळे नव्हे तर होडी आणि तूप-भातामुळे राहावी, हे आमच्यासारख्या मास्तरांना विशेष वाटते. लढाया पाठ करून घेण्यात आमचा निम्मा जन्म जातो.

अर्थात लढाया झाल्याच. मुलाचा प्रश्न तिथेच अडलेला असतो, म्हणून त्याला प्रथम घराजवळच्या पन्हाळ्यावर न्यावे लागते. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर सगळ्यांना माहीत आहे. तो आदिलशाहीचा सरदार, कर्नूलकडचा. जंजिऱ्याच्या घराण्याशी त्याला जोडणे बरोबर नाही. पण तो वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर बाहेरून जो चालून आला, तोही सिद्दीच होता. सिद्दी हिलाल त्याचे नाव. त्या झुंजीत त्याचा तरुण मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारत’ मध्ये हे सांगितले आहे. म्हणजे एकाच गडाखाली एक सिद्दी आत कोंडलेल्या महाराजांवर चालून आला होता आणि दुसरा त्यांच्यासाठी पोटचा मुलगा पणाला लावत होता.

समुद्रावरचे चित्र याहून वेगळे नाही. मुंबईच्या तोंडाशी खांदेरी नावाचे एक लहानसे बेट आहे. १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरलेला नसताना, मायनाक भंडारी माणसे आणि सामान घेऊन त्यावर उतरला आणि तटबंदी सुरू झाली. ही वेळ मुद्दाम निवडलेली होती. मोठी जहाजे त्या दिवसांत बंदराबाहेर पडायला कचरतात. किनाऱ्याचे खडक आणि भरती-ओहोटी ओळखणाऱ्या तांडेलांच्या लहान होड्या मात्र वेळ साधून ये-जा करू शकतात. मुंबईच्या इंग्रजांनी नाकेबंदी केली. पण वारा पडला की त्यांची शिडाची जहाजे जागच्या जागी उभी राहत आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या चपळ होड्या त्यांच्या बगलेतून बेटावर रसद पोचवत. ऑक्टोबरात दौलतखान आरमाराचा मोठा ताफा घेऊन त्यांच्यावर चालून गेला. त्या लढाईत इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. मग इंग्रजांच्या मदतीला जंजिऱ्याचा सिद्दी कासम आला आणि त्याने शेजारचे उंदेरी बेट धरले. उंदेरी घेण्याच्या प्रयत्नात दौलतखान जखमी झाला. इकडे भंडारी आणि खान एका बाजूला, तिकडे सिद्दी आणि गोरे एका बाजूला. शेवटी खांदेरी मराठ्यांकडे राहिली, उंदेरी सिद्दीकडे. मुलांना आम्ही एवढेच विचारतो, आता सांगा, ‘हम’ म्हणजे कोण?

जंजिऱ्याच्या सिद्दींबद्दलही आपल्या समाजात दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. कोणी त्यांना धर्मवीर करतो, कोणी निव्वळ लुटारू. आमच्या मते दोन्ही चुकीचे. आफ्रिकेतून आणलेल्या, पुष्कळदा गुलाम म्हणून विकलेल्या माणसांच्या वंशजांनी एका बेटाच्या बळावर राज्य उभारले आणि १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकवले. ते कधी आदिलशाहीकडून लढले, कधी मोगलांकडून, सोयीचे दिसले तर इंग्रजांबरोबर. किनाऱ्यावरच्या रयतेला त्यांचा जाच झाला, हेही खरे आहे.

आता कोल्हापूरचा स्वतःचा समुद्र. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात नाही आणि शहरातल्या चांगल्या शिकलेल्या माणसांनाही ती सांगावी लागते.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली. पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, १७३१ च्या वारणेच्या तहाने हद्दी ठरल्या आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरकडे राहिला. अठराव्या शतकातले कोल्हापूर म्हणजे करवीरची गादी, घाटमाथ्याचे किल्ले आणि त्यांच्या जोडीला मालवणचे आरमार. या आरमाराच्या गलबतांनी परवाना न घेता जाणाऱ्या जहाजांना अडवावे, माल उतरवून घ्यावा, हा नित्याचा प्रकार होता. इंग्रजी कागदांत त्यांना ‘मालवणचे चाचे’ म्हटले आहे. समुद्रावर आपले दस्तक घेतल्याशिवाय कोणी फिरू नये, असे पोर्तुगीज म्हणत होते, सिद्दी म्हणत होते, खुद्द इंग्रजही म्हणत होते. जो सर्वांत बलवान ठरला त्याच्या वसुलीला कर म्हणायचे आणि बाकीच्यांच्या वसुलीला चाचेगिरी. आम्ही काही मालवणच्या गलबतांना संत ठरवत नाही. गरीब व्यापाऱ्याचा माल गेला की त्याला दोन्ही नावे सारखीच. पण ‘चाचे’ हा शब्द कोणाच्या दौतीतून आला, हे तपासून घ्यावे.

१७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी आरमार पाठवून सिंधुदुर्ग घेतला. तेव्हा कोल्हापूरचा कारभार महाराणी जिजाबाई पाहत होत्या. इंग्रजांनी किल्ल्याचे नाव बदलून ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. नाव झोकदार होते, पण बेट सांभाळणे खर्चाचे आणि एवढा तट पाडणे त्याहून अवघड, हे लवकरच त्यांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी पावणेचार लाखांहून अधिक रुपये आणि चांगल्या वर्तणुकीची हमी घेऊन किल्ला कोल्हापूरला परत देण्याचे ठरले. तक्रारी मात्र थांबल्या नाहीत. अखेर १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने मालवण बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट कोल्हापूरने कंपनीला कायमचे देऊन टाकले. लढाऊ जहाजे बाळगायची नाहीत, असेही कबूल करावे लागले. त्या दिवशी कोल्हापूरचा समुद्र गेला. हा दिवस शहरात कोणी पाळत नाही. पाळावा असेही नाही, पण माहीत असायला हरकत नव्हती.

एका मे महिन्यात सुट्टी लागताच आम्ही काही शिक्षक कुटुंबांसह मालवणला गेलो. राधानगरीवरून फोंडा घाटाने एस.टी. खाली उतरली तशी हवा जड झाली आणि मुलांनी खिडकीतून समुद्र शोधायला सुरुवात केली. धक्क्यावरून होडीने किल्ल्यात जायला पाव तासही लागत नाही. तेवढ्यात खडकांमधून होडी अशी नागमोडी वळते की नवख्याला वाटावे, हा माणूस वाट चुकला. तांडेलाला विचारले तर म्हणाला, “सरळ गेलो तर तुम्ही सरळ खालीच जाल.” दरवाजा समोर येईपर्यंत दिसत नाही, दोन बुरुजांच्या वळणात तो दडवलेला आहे. आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा तीन गोड्या विहिरी. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोडे झरे, ही जागा ज्याने हेरली त्याला इथल्या कोळ्यांनी आणि तांडेलांनीच ती दाखवली असणार, असे आम्हाला वाटते. तटावर उभे राहून आमच्यातल्या एका बाईंनी मुलांना सांगितले, “हा किल्ला ऐंशी वर्षांहून जास्त काळ आपल्या कोल्हापूरचा होता.” पोरांनी लगेच विचारले, मग परत का घेतला नाही? त्यावर बाईंकडे उत्तर नव्हते. आइसगोळ्याकडे बोट दाखवून त्यांनी सुटका करून घेतली.

समुद्र गेला तरी समुद्रावरची माणसे गेली नाहीत. आगबोटींचे युग आले तेव्हा रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान घरांतून तरुण मुले मुंबईला येऊन पी. अँड ओ., बी. आय. अशा कंपन्यांच्या जहाजांवर चढू लागली. डेकवर सारंग आणि तांडेल, खाली भट्टीपाशी कोळसा ओढणारे आगवाले, स्वयंपाकघरात भंडारी. पदांची नावे आपल्याच किनाऱ्यावरची होती, पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या मानाने अगदीच तुटपुंजा. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि ही जहाजे पोर्ट सैदवरून भूमध्य समुद्रात शिरू लागली. तिथून माल्टाकडे जाणारी वाट क्रीट बेटाच्या दक्षिणेने जाते. पोसायडनच्या मुलखातून कोल्हापुरास मूर्ती आली होती. अठराशे वर्षांनी रत्नागिरीचा खलाशी त्याच मुलखाजवळून, तेही बहुधा डेक धुता धुता, जात होता. आज जी बेटे पाहायला लोक लाखो रुपये मोजतात, ती आमच्या कोकणातल्या कित्येक आजोबांनी पगारी नोकरीत पाहिली. त्यांनी प्रवासवर्णने लिहिली नाहीत. काही जण तर दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला उतरले आणि तिथेच राहिले. त्यांच्या वंशजांना तिथे आजही ‘कोकणी’ म्हणूनच ओळखतात.

घरच्या किनाऱ्यावर मुंबई-गोवा बोट होती. मे महिन्यात चाकरमानी बोचकी, ट्रंका आणि पोरेबाळे घेऊन तिच्यात कोंबले जात. बहुतेक ठिकाणी बोट भर समुद्रात उभी राही आणि उतारूंना पडावात उतरावे लागे. हेलकावणाऱ्या पडावात आधी मूल फेकल्यासारखे खलाशाच्या हाती द्यायचे आणि मग स्वतः उडी मारायची. त्या खलाशाची जात-जमात विचारायला तेवढा वेळच नसे. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे जुन्या पिढीच्या तोंडी अजून आहेत. पाऊस जवळ आला की या बोटी बंद होत. मुंबईहून रेवसला जाणारी लहान बोट मात्र पावसातही सुटे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसे बुडाली. जे वाचले त्यांच्यापैकी काही पोहत किनाऱ्याला लागले, काहींना कोळ्यांच्या होड्यांनी उचलले. मौसम हा शब्द कोशातून समजत नाही, तो असा समजतो. पुढे बोटी बंद पडल्या, १९९८ पासून कोकण रेल्वे पुरती धावू लागली आणि समुद्राची वाट ही प्रवाशाची वाट राहिली नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात पन्हाळा आहे, आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही आहेत. कोल्हापुरात पन्हाळ्यासाठी आनंद झाला, तो रास्तच. सिंधुदुर्गाचे नाव वाचून मात्र इथे कोणी ‘तोही एकेकाळी आपलाच’ असे म्हटल्याचे आमच्या कानावर आले नाही. शाळेत आम्ही भिंतीवरच्या नकाशात बाराही ठिकाणी लाल टाचण्या लावल्या. उंदेरी आणि जंजिरा त्या यादीत नाहीत. मुलांनीच हट्ट धरला म्हणून त्यांच्यासाठी दोन हिरव्या टाचण्या आणल्या. चौथीतल्या एका मुलीने मग विचारले, दौलतखान उंदेरीला जखमी झाला, तर त्याची टाचणी कोणत्या रंगाची लावायची?